पाचशे चोपन्न मीटर

टेबलावर नकाशा पसरलाय.
चार कोपऱ्यांवर मीठदाणी, मुरंब्याची बरणी,
माझ्या चष्म्याचं घर
आणि इव्हॉरचं बंद पडलेलं घड्याळ.

सप्टेंबरात एर विद्वा चढायचाय.
बोलून बसले सगळ्यांदेखत,
शाळेच्या स्वयंपाकघरात, हातात डाव असताना.
फ्रीजवर देणग्यांचा कागद लटकतोय:
हेडिन खाटकाचे पाच पौंड,
पुढे कंसात, 'वर पोचली तर'.

पैसे जातील रात्रपाळीच्या नर्सेसना.
त्यांच्यातली एक अकरा रात्री
माझ्या खुर्चीत बसून होती, म्हणून मी झोपले.
नाव विचारायचं राहूनच गेलं.

पण आधी सोसेल असा एखादा डोंगर हवा.
ट्रिव्हान नको, म्हणाला शेजारचा इद्वल,
तिथे पायांइतकेच हात लागतात.
कादेर इद्रिसही नको.
तिथे रात्र काढली तर माणूस वेडा होतो, नाहीतर कवी,
तुला दोन्ही परवडायचं नाही.

तपकिरी रेषांवरून बोट फिरवते.
दाट झाल्या की चढ उभा, एवढं आता कळतं.
जुन्या स्वेटरच्या कोपरासारख्या जिथे त्या सैल पडल्या
तिथे बोट थांबलं: मोएल व्हामाय.
खाली गाडी लावायला जागा, वर पडका मनोरा.
मोएल म्हणजे टकला, व्हामाय म्हणजे आया.
हसू आलं.
मग इव्हॉरचं शेवटच्या वसंतातलं डोकं आठवलं,
कोवळं, टोपी नको म्हणणारं.

शनिवारी गेले. टाचेला चिकटपट्टी,
पहिल्याच चढाला छातीचा भाता.
सँडल घातलेली एक चिमुरडी पुढे गेली,
मग तिची आजी,
मग आजीचं तीन पायांचं कुत्रं.
त्यानं वळून पाहिलं.
मी बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं.

वर लोक पश्चिमेकडे बोटं दाखवत होते:
हवा स्वच्छ असली की इथून एर विद्वा दिसतो.
आज नुसते ढग.
बरं झालं.
चीज-कांद्याचं सँडविच खाल्लं, उतरले.
चढ छाती मोजतो, उतार गुडघे.

रात्री मांड्या अशा ठणकल्या की डोळ्याला डोळा नाही.
उठून त्या खुर्चीत बसले.
इथून दिसते पलंगाची कड, अर्धं दार,
आणि भिंतीवर इद्वलच्या दिव्याची पट्टी.

बसायला तशी अवघडच आहे ती.