कपाटातला आवाज

सिनेमा बावन्न मिनिटांचा,
भांडण पावणेदोन तास चाललं.
आधी हॉलमध्ये, मग जिन्यात, मग खाली पार्किंगमध्ये,
जिथे सोहारच्या दमट हवेने
सगळ्यांचे चष्मे एकदमच आंधळे केले,
तरी कुणी गाडीत बसेना.

प्रल्हाद तांडेल, चिलर टेक्निशियन, मूळचा मुरूडचा.
तीन वर्षांच्या शुक्रवारांतून त्याने हा सिनेमा काढला.
परग्रह म्हणजे गावामागची कोरडी वादी.
हेल्मेट म्हणजे पाच गॅलनचा पाण्याचा बाटला, तळ कापलेला;
दुकानदाराने त्याचं डिपॉझिट परत दिलं नाही.
यानाची चंदेरी कातडी डक्टच्या कामातून उरलेली.
गोष्ट एवढीच, की
माणसं केव्हाच निघून गेलेलं एक शहर
एक माणूस अजून थंड ठेवतो आहे.
यान रोज विचारतं, तापमान?
तो रोज सांगतो, चोवीस.

यान म्हणजे मी.
गावी न्यायच्या ब्लँकेटांमध्ये, कपाटात उभी राहून बोलले,
तिथे आवाज घुमत नाही म्हणून.
एकेचाळीस वेळा "तापमान".
प्रल्हाद दाराबाहेरून सांगायचा,
"वहिनी, अजून थोडं मेलेलं."

हॉलमध्ये मला कुणी ओळखलं नाही.
शेजारची कुजबुजली, ही बाई कोथिंबिरीचा भाव विचारतेय का गं?

दिवे लागताच ओकसाहेब उभे राहिले, रिफायनरीतले:
हवा नसलेल्या ग्रहावर पँट फडफडते कशी?
आणि ती शेळी?
शेळी प्रतीक आहे, गुंजाळ म्हणाला.
शेळी शेळी आहे, ओक म्हणाले, मागून चालत गेली.
गुंजाळला इंजिनाची घरघर फार आवडली होती,
पोटातून येणारी, खोल.
तो आमचा फ्रीज.
डॉक्टर सबनीस म्हणाल्या,
वीस मिनिटं मी घड्याळ पाहत होते, मग पाहायचं राहून गेलं.
याला चांगलं म्हणायचं का, ते उद्या सांगते.
खजिनदारांनी हॉलचं भाडं दोनदा मोठ्याने उच्चारलं.

पण खरं जुंपलं ते शेवटावरून.
शेवटी यान गप्प होतं, बराच वेळ नुसती घरघर,
आणि अचानक
घाईचा, जिवंत, जरा चिडका आवाज येतो:
"अरे गॅस बंद कर, उतू जाईल!"
तो उठतो. व्हॉल्व्ह फिरवतो.
काळोख.

अर्धा हॉल हसला होता.
मागच्या रांगा हसल्या नव्हत्या,
कॅम्पच्या बसने आलेल्या.
त्यातला शेषराव, यवतमाळकडचा, आता उठला.
"हसण्यासारखं काय हाये?
गॅस म्हणजे चिलरचा गॅस.
मशीनला दया आली. सोडलं तिनं त्याला."
"एडिटिंगची चूक आहे," ओक म्हणाले, "साधी चूक.
उतू काय जाईल? सांगा ना."
शेषराव थांबला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.
"ते मले नाही माहीत.
पण जाईल."

दूध.
मुलगा स्वयंपाकघरात होता, मी कपाटात, माइक चालू.
उतू गेलंच ते.
शेगडी पुसता पुसता मी प्रल्हादला म्हटलं, हे काढून टाक हं.
हो म्हणाला होता.

आता तो खाली वायरी गुंडाळतोय.
ओक विचारतात, चूक ना? तो मान हलवतो.
गुंजाळ विचारतो, मुद्दाम ना? तो तशीच मान हलवतो.
माझ्याकडे एकदा पाहिलं त्याने,
मग वायरीतली एक गाठ सोडवायला बसला.

मी खरं सांगणार होते.
तोंड उघडलं,
चष्मा पदराला पुसला,
आणि शेजारणीला विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून,
बाहेर तापमान किती असेल गं?

"चौतीस. का?"

कॅम्पची बस सुरू झाली होती.
एक पाय पायरीवर, एक खाली,
शेषराव थबकला
आणि आमच्या घोळक्यात
एकेक तोंड पाहू लागला.