ऐंशी रॉड

ईली गावातल्या शेवटच्या पेट्रोलपंपावर
आयला टोइव्होला सगळ्यांचे फोन गोळा करते
कॉफीच्या रिकाम्या डब्यात,
आणि डबा पंपावरच्या पोराकडे सोपवते.
पाच दिवस.
मग बॉनेटवर नकाशा पसरून सांगते :
नावा उचलून न्यायच्या वाटा
इथे मैलात मोजत नाहीत, रॉडमध्ये मोजतात.
एक रॉड म्हणजे एक नाव, टोकापासून टोकापर्यंत.

वय अडुसष्ट. डाव्या गुडघ्याला पट्टा.
बोलणं काटकसरीचं.

आम्ही सहाजणी.
डलूथला तेवीस वर्षं शाळेची बस चालवलेली डार्लीन,
दोन बहिणी, अबोला धरूनही एकाच नावेत बसलेल्या,
एक नर्स, एक जिने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही,
आणि मी,
रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत जन्मभर दुसऱ्यांचं रक्त पाहिलेली,
सांगलीची, ऐन कृष्णाकाठची,
पोहता न येणारी.

पहिल्या दिवशी मी वल्हं पळीसारखं धरलं.
आमटी ढवळतेस का गं,
मीच मला म्हणाले.
आयलाने नुसता माझा वरचा हात उचलून मुठीवर ठेवला
आणि पाणी मुकाट्याने मागे सरायला लागलं.

ती पुढे जात नाही,
हे लक्षात यायला दोन दिवस गेले.
नकाशा डार्लीनच्या गळ्यात,
होकायंत्र रोज वेगळीच्या हातात.
आम्ही चुकीच्या खाडीत शिरलो
तरी ती मागच्या नावेत सुका जर्दाळू चघळत
आमच्याआमच्यात ठरेपर्यंत थांबायची.
वाटाड्याचं स्त्रीलिंग काय?
वाटाडी? वाटाडीण?
मी तळंभर शोधत होते.

रात्री लून पक्षी ओरडला.
हसतोय की रडतोय ते कळेना,
तेवढ्यात बहिणींच्या तंबूतून आवाज आला,
"अगदी मार्गीमावशी!"
मग बराच वेळ दोघी हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी, ऐंशी रॉड.
आयलाची जुनी नाव ॲल्युमिनियमची,
मधोमध आडवं लाकूड, खांद्यांवर घ्यायचं.
आपण त्याला जू म्हणू, बैलाचं असतं तसंच.
"खांदे," आयला एवढंच म्हणाली.
"वजन?"
"पंचाहत्तर पौंड."

मी सवयीने किलोत केलं.
चौतीस.
शेवटच्या महिन्यात आई तेवढीच होती.

तिला खांदा दिला चौघांनी.
त्यातला एक शेजाऱ्यांचा भाडेकरू,
त्याला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.
मी विमानातून उतरून थेट आलेली, बूट पायांत,
फाटकापर्यंत.
तिथून पुढे बायका जात नाहीत,
काका म्हणाले, तेही हळू आवाजात, वाईट वाटू नये म्हणून.

आयलाने टोक उचलून धरलं, मी आत शिरले.
नावेखाली आभाळ नसतं.
दिसते ती आपली पावलं,
मुळं, चिखल, पुढची हातभर वाट.
डास कानात. हात मोकळे नाहीत.
मागून तिचा आवाज : दहा.
वीस.
दोनदा तिने टोक एका फांदीच्या बेचक्यात टेकवलं,
मी श्वास घेतला, ती दुसरीकडे बघत राहिली.
साठ.
रडायला आलं तर रडले, घामात काय कळतंय.
सत्तर.
ऐंशी.

पाण्यात ठेवली तर ती किती हलकी,
एका बोटाने सरकली.
आयलाने माझ्या मानेवरची पाइनची सुई काढली
आणि मला पाठीमागे पाठवलं,
राहिलेली पोती आणायला.

आता हा माझा दुसरा हंगाम.
आयलाचा गुडघा बदललाय, ती पंपावर भेटते,
डबा आता तिच्याकडेच असतो.
आज नावेखाली टोलीडोची एक बाई आहे, बँकेतली.
मला दिसतात तिच्या पोटऱ्या, थरथरणाऱ्या.
मी मागे. आकडे सांगते.
चाळिसापर्यंत इंग्रजीत,
पुढे कधी सुटलं ते कळलं नाही :
एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

ती थांबत नाही.