सुमारे

वेंगुर्ल्याच्या दिवाणी कोर्टात मी टंकलेखक होते.
लोक बोलायचे मालवणीत, साहेब सांगायचे पुस्तकी मराठीत,
आणि कागदावर उतरायचं ते तिसरंच काहीतरी,
ज्याला कुणाच्याच घरचा वास नसायचा.

शेवंती मालंडकर साक्षीला आली.
पाटी शिपायाने बाहेर ठेवायला लावली होती,
तरी बांगड्यांचा वास तिच्याआधी आत आला.
ईश्वरसाक्ष खरं सांगेन, म्हण.
"सातेरी हयसून खयच्या अंगाक?"
शिपायाने बोट दाखवलं. तिने तिकडे तोंड केलं,
साहेबांकडे पाठ झाली.
मी टाइप केलं: साक्षीदारास शपथ दिली.

वाद एका वाटेचा.
दर्यावरून बाजारात, सामंतांच्या काजूंमधून.
कायद्याला वीस वर्षं हवीत, सलग, उघड, बिनहरकत.
पद्मनाभ सामंतांकडे सातबारा, मोजणीचा नकाशा, घरपट्टीच्या पावत्या;
तारखा ओळीने उभ्या.
गोष्ट नव्हती.

किती वर्षं चालतेस?
"थोरला चेडू पोटात होता तेवापासून."
ते कितीचं?
"तेचा लगीन झाला मगे."
साहेब छताकडे बघत राहिले.
कागदावर उमटलं: सुमारे बावीस वर्षांपासून.

मध्ये कधी खंड?
सामंतांच्या वकिलाने गळ सोडावा तसं अलगद विचारलं.
"घोव दर्यात गेलो. त्या वर्सा मिया खय गेलंय नाय."
म्हणजे वर्षभर वाट बंद होती.
"वाट खय बंद जाता, रे? पाय बंद पडले."
पंखा फिरत होता. माझी बोटं कळांवर तशीच.

साहेब उदगीरकडचे,
दर्या त्यांना अजून शनिवार-रविवारचाच.
स्थळपाहणीला नकाशात डोकं घालून उतरत होते
जांभ्याच्या पायऱ्या.
सहावीच्या मधोमध पावलाएवढा खळगा,
आणि साहेबांचा बूट, त्यांना न विचारता,
नेमका त्यात जाऊन बसला.
जरा वेळ ते हललेच नाहीत.
मग म्हणाले, आमच्याकडे विहिरीच्या दगडाला
दोराच्या खाचा पडतात. माझी आई...
आणि रुमाल काढून मान पुसली.
मी वही उघडली नव्हती.

निकाल अकरा पानांचा.
पूर्वनिर्णय, कलमं,
"पुराव्याचे साकल्याने अवलोकन करता".
खळगा त्यात नाही. दोर नाही.
"पाय बंद पडले" याचं झालं
"वैयक्तिक कारणास्तव काही काळ वापर नव्हता,
तथापि अडथळा सिद्ध होत नाही."
वाट शेवंतीला मिळाली.

सामंत नक्कल घ्यायला स्वतः आले.
दारातच उभ्याने अकराही पानं वाचली.
मग हळू म्हणाले,
बाई, आमची ही त्या सहाव्या पायरीवरूनच पडली.
पुन्हा उठली नाही. म्हणून कुंपण.
हे कुठे आलंय का यात?
मी पानं उलटली. मला ठाऊक होतं, तरी उलटली.
वकील म्हणाले होते, असंबद्ध आहे, सामंत पुटपुटले,
आणि शिक्क्याचे पैसे मोजून ठेवून गेले.

पुढे कधीतरी शेवंतीच्या थोरलीचा शाळेचा दाखला
दुसऱ्याच कामासाठी माझ्या टेबलावर आला.
जन्मतारीख होती.
दाव्याच्या सालातून वजा केली, बोटांवर, दोनदा.
कागद पालथा घातला.
"सुमारे" साहेबांनी सांगितलं होतं,
की यंत्रावर माझीच बोटं
जरा पुढे गेली होती,
आता खरंच आठवत नाही.