दुसरी सावली

चुबुतच्या पठारावरचा वारा माणूस ओळखत नाही.
आनाक्लेतोने मेंढ्यांचा ट्रक आडवा लावून दिला,
त्याच्या आडोशाला दुर्बीण, दुर्बिणीपाशी मी,
आणि पडद्यावर एक तारा, नाव नसलेला,
मिठाचा खडा सांडावा तेवढा.

दोन वाजून अकरा मिनिटांनी तो विझला.
चार सेकंद.
मग पुन्हा लागला, जसं काही झालंच नाही.

"एवढंच?" सुलेमा म्हणाली.
"एवढ्यासाठी चारशे किलोमीटर आलीस?"

म्हटलं, ही पहिल्याची सावली.
नेपच्यूनच्या पल्याड बर्फाचे दोन डोंगर आहेत,
मध्ये लाखभर किलोमीटरचा काळोख,
तरी एकमेकांभोवती फिरतात.
किती वेगाने?
तू झऱ्यावरून भरली बादली आणतेस, तितक्या.
एका फेरीला पंचवीस वर्षं.
दुसऱ्याची सावली तासाभराने येईल,
इथे,
नाहीतर समुद्रात. सांगता येत नाही.

माटेचा भोपळा या हातातून त्या हातात.
बोटांना बोटं म्हणवेना.
"जुळले कसे पण?"

जुळले नाहीत. जन्मलेच जोडीने.
सूर्य कोवळा होता, भोवती वायू,
वायूत बर्फाचे खडे, वाटाण्याएवढे, काही त्याहून बारीक.
समोरच्या वाऱ्यात एकटा खडा मागे ओढला जातो.
घोळका झाला की पुढचे वारा झेलतात,
मागून येणारा त्यांच्या आडोशाला थांबतो,
तुमच्या ट्रकमागे मी थांबलेय तसा.
घोळका वाढत गेला,
स्वतःच्याच भाराने आत कोसळू लागला,
पण अंगात इतकी गरगर होती
की एक होणं जमेना.
म्हणून दोन झाले.
दोघांचा रंग अजून तोच, राखाडी.
आजूबाजूचे सगळे तांबडे.

"म्हणजे बाहेरगावचे,"
केबिनमधून आनाक्लेतो बोलला, रात्रीत पहिल्यांदा.

हो. नेपच्यून बाहेर सरकत गेला,
तेव्हा त्याने यांना पुढे घालून आणलं.

"आणि फुटले नाहीत?"

नाहीत.

"मग हळू हाकलं असणार."

(माझ्या प्रबंधात या वाक्याला चाळीस पानं लागली आहेत.)

डिसेंबरात तो कळप वर नेतो, उन्हाळी कुरणांकडे,
नव्वद किलोमीटर, अकरा दिवस.
घाई केली तर मेंढी एका टेकाडावर, कोकरू दुसऱ्या,
आणि रात्रभर दोन्हीकडून हाका.
राखेच्या वर्षी त्याने घाई केली होती.
पुढे तो बोलला नाही.
सुलेमाने भोपळ्यात पाणी ओतलं.

दुरून डोंगर साजरे म्हणतात.
या दोघांनी एकमेकांना कधी जवळून पाहिलंच नाही.
तोडायला फार काही लागलं नसतं:
एखादा धोंडा नेमका आपटता,
कुणी थोरला शेजारून जाता.
साडेचार अब्ज वर्षं कुणी गेलं नाही,
किंवा गेलं ते बेतानं गेलं.

वेळ झाली.
तारा जागचा हलेना.
एक मिनिट. तीन.
पाचव्याला मी म्हटलं, समुद्रात पडली,
आणि वायर गुंडाळू लागले.
"थांब की," सुलेमा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,
"लांबून येणाऱ्याला उशीर व्हायचाच."

आठव्या मिनिटाला विझला.
साडेतीन सेकंद, फार तर.
माझ्या हिशेबापेक्षा बारा हजार किलोमीटर लांब,
आणि तरीही बांधलेला.

सुलेमाने केबिनचा पत्रा बडवला.
आनाक्लेतो डोळे चोळत उतरला,
ताऱ्याकडे पाहिलंही नाही,
बॅटरी कळपाकडे फिरवली.
अंधारात डोळे चमकले, जोडीजोडीने.
एक मात्र एकटाच.

"आडवी उभी आहे," तो म्हणाला,
आणि बॅटरी विझवली.