चाळीस सेकंद मागे

शेजारच्या वॉशिंग्टन फेरेइरांच्या आणि माझ्या मध्ये
एक भिंत आहे, अर्ध्या विटेची,
आणि चाळीस सेकंद.

त्यांच्याकडे टीव्ही. पाठीत फुगलेला, डोक्यावर दुसरी पेटी,
गच्चीवरच्या अँटेनाची वायर खिडकीच्या फटीतून आत घेतलेली,
उरलेली फट जुन्या वर्तमानपत्रानं बुजवलेली.

माझ्याकडे लॅपटॉप, इस्त्रीच्या टेबलावर,
दोन बटणं निखळलेली,
आणि वर्षाचे पैसे भरून घेतलेलं सगळं जग:
हवं तेव्हा थांबवा, मागे न्या, पुन्हा बघा.
फक्त पुढे नेता येत नाही.
पुढचं भिंतीपलीकडे असतं.

रविवारी सामना.
माझ्या पडद्यावर चेंडू अजून मधल्या वर्तुळात,
कुणीतरी वाकून बुटाची नाडी बांधतंय,
आणि पलीकडे खुर्ची सरकते,
खोकला,
मग तो घोगरा, खेचत नेलेला 'गोऽऽल'.
मी नाडी बांधणाऱ्याकडे बघत राहते.
त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नाही.

भिंतीला कान असतात म्हणे. माझ्या भिंतीला तोंड आहे.
हेडफोन लावून पाहिले,
तर खुर्चीचा धक्का फरशीतून तळपायाला कळतो.
कंपनीला फोन केला. पोरगा म्हणाला,
बाई, तुमचा वेग उत्तम आहे.
असेल. वरातीमागून निघालेलं घोडं, पण घोडं उमदं.

ऑगस्टात पाम्पेरो सुटला.
मॉन्तेव्हिदेओभर रात्री पत्रे वाजले,
सकाळी अँटेना खाली दुरास्नो रस्त्यावर,
एका टॅक्सीच्या टपावर.

रविवारी दार वाजलं.
काखेत थर्मास, मुठीत येर्बाचा तुंबा,
अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, लग्नाला निघाल्यासारखा.
"तुझं ते यंत्र चालू आहे ना?"

टीव्ही लांबून बघायचा असतो.
हा जवळून, पत्रासारखा.
दोघांना खांद्याला खांदा लावावा लागतो.
चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले,
"माणसं मुंग्यांएवढी. पण गवत काय हिरवं आहे, पोरी!"

शहाऐंशीव्या मिनिटाला वरच्या मजल्यावर
सोसाबाईंनी पाय आपटले. किंकाळी. काहीतरी फुटलं.
आमच्याकडे गोलकीपर
अजून चेंडू हातानं पुसत होता.

"झाला?"
"झाला."
"कुणाचा?"
"आपलाच. दुसऱ्यांसाठी बाई नाचत नाहीत."

तुंबा ओठांपाशी नेलेला, तसाच राहिला.
"म्हणजे तू दर रविवारी... माहीत असून बघतेस?"

नेमका तेव्हा सामना अडकला.
पडद्याच्या मधोमध ती चकती फिरू लागली.
चकतीकडेच बघत ते म्हणाले,
"नेल्लीचं डॉक्टरांनी मला मार्चमध्ये सांगितलं होतं.
तिला नाही.
जूनपर्यंत आम्ही रोज पत्ते खेळलो.
पिसता पिसता म्हणायची,
या थंडीत मला नवा कोट हवा."

मी काही बोलले नाही. तुंब्यात गरम पाणी ओतलं.

चकती सुटली.
गोलकीपरनं लाथ मारली, चेंडू उंच,
एक डोकं, दुसरं डोकं, कुणाचा तरी गुडघा,
आणि माहीत असलेला गोल
अखेर आमच्याकडेही झाला.
वॉशिंग्टन उठले. खुर्ची आडवी.
फुप्फुसात होतं नव्हतं तेवढं लावून ओरडले,
मीही ओरडले,
वरून सोसाबाईंनी काठीनं फरशी ठोकली:
पुरे! शिळ्या कढीला किती ऊत!

अँटेना आता पुन्हा उभी आहे, जराशी वाकडी.
रविवारी पलीकडे खुर्ची सरकते,
खोकला येतो,
आणि मग काहीच नाही.
मी मोजू लागते. भिंतही मोजत असते.
चेंडू माझ्याकडे जाळीला लागला
की मगच पलीकडून तो घोगरा आवाज.

कधी कधी मात्र सदतीसलाच
त्यांचा धीर सुटतो.