मूठभर ठेवायचं

राहुरीला शिकताना
गवताला आमच्या पुस्तकात एकच प्रकरण होतं : तणनियंत्रण.
वीस मार्कांचं. मला अठरा पडले होते.
आता व्हरमाँटच्या वरच्या टोकाला, आयरासबर्गजवळ,
गवत जगवायचा पगार घेते.

अर्डिथ लाबाउंटीचं कुरण नकाशावर सतरा एकर,
चालताना जास्त भरतं.
टिमोथी, ब्रोम, ओढ्याकडच्या खोलगटात
कुणी न लावलेलं कॅनरी गवत, टाचेखाली पाणी.
पहिली कापणी जूनमध्ये, पोटरीतून लोंबी डोकावली की लगेच;
फुलोऱ्याची वाट बघितली तर गाई नुसत्या काड्या चघळतात.
दुसरी ऑगस्टात.
मग हात आवरायचा.

हे मी तिला कागदावर लिहून दिलं होतं.
पाच सप्टेंबरनंतर यंत्र शेडबाहेर काढू नका,
कडक थंडीआधी सहा आठवडे गवताला स्वतःपुरतं जेवू द्या,
बुडखा चार इंच ठेवा.
तिनं कागद दुधाच्या पावत्यांमागे खोचला
आणि जमिनीवर मूठ उभी टेकवून दाखवली,
सांध्यांत जुनं ग्रीस :
"इतकं. माझ्या आईची मूठ लहान होती,
तिचं कुरण दर वर्षी उघडं पडायचं."

तरी सव्वीस सप्टेंबरला तिसरी कापणी झाली.
ऊन छान पडलं होतं, भाऊ मर्ल मोकळा होता,
पलीकडच्या घोडेवाल्यानं गठ्ठ्याला नऊ डॉलर बोलून दाखवले.
मी रस्त्यावरून पाहिलं. गाडी थांबवली नाही.
वास इतका गोड येत होता की काच खाली केली.

जानेवारीत पाऊस आला.
इथं हिमाला कुणी भीत नाही, ती गोधडी.
भीती पावसाची : गोधडी भिजून खाली बसते,
रात्रीत तिची काच होते
आणि काचेखाली गवत घुसमटतं.
टिमोथी आपलं बेगमीचं सगळं बुडाशी
लसणाच्या पाकळीएवढ्या कांद्यात ठेवतं.
आमचे कांदे सप्टेंबरातच रिकामे झाले होते.

मार्चअखेर आम्ही दोघी खोलगटात उकिडव्या बसलो.
तिनं एक ठोंब ओढला, तो सहज आला,
तिथंच कळलं.
कांदा तपकिरी, बोटात दबणारा, आंबलेल्या ताकाचा वास.
दुसरा. तिसरा.
माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं, कागदावरचंच.
मर्ल शेडच्या दारात साखळीला तेल घालत उभा,
साखळीला तेल नको होतं.
अर्डिथनं हात पँटला पुसला.
"घोडेवाल्यानं पैसे वेळेवर दिले," म्हणाली,
"तेवढं सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी पहाटे, उणे सहा,
भुई पोळ्यासारखी भेगाळलेली.
हातानं फिरवायचं यंत्र छातीशी बांधून
ती तांबडा क्लोव्हर फोकत निघाली, मी पिशवी घेऊन मागे.
नांगर नाही, कुळव नाही.
रात्री जमीन तोंड उघडते, दुपारी मिटते,
दहाबारा वेळा असं झालं की बी आपसूक आत.
मला तिला वाफसा हा शब्द सांगायचा होता,
पण इथं वाफसा यायच्या आधीच पेरतात,
म्हणून तो तोंडातच राहिला.

बी मोहरीहून बारीक, एकरी सहा पौंड,
तिच्या कॉलरमध्ये, माझ्या बुटांच्या नाडीत.
मर्ल आला, काही न बोलता पलीकडची कड धरली.
नऊ वाजता माती बूट ओढायला लागली. थांबलो.

क्लोव्हर दोन हिवाळे काढेल, फार तर तीन.
टिमोथीचं ऑगस्टात बघू.

गाडीत बसून मी फॉर्म भरला. नुकसानीचं कारण :
गोठणे, पाणी, कीड, इतर.
गोठण्यावर खूण केली.
मग पट्टी काढून डॅशबोर्डवर
स्वतःची मूठ उभी धरून बघितली.
साडेतीन इंच.