रिकाम्या जागा भरा

सहावी ब. पटावर एक्केचाळीस, हजर चौतीस.
भिंतीवरचा महाराष्ट्र रत्नागिरीपाशी फाटला होता,
गोविलकरमामांनी तो सुतळीनं शिवला.
उझैर मुकादम उठून म्हणतो,
"बाई, आमचं गाव शिलाईत गेलंय."
"असू दे. मे महिन्यात जाऊन बघून ये."

मी सांगोल्याची.
समुद्र पाहिला तो नेमणुकीचं पत्र हातात घेऊन,
तेही पाहायला म्हणून नव्हे, पत्ता चुकले होते.
तरी भूगोल माझ्याकडे,
इतिहासही,
आणि त्याच पुस्तकाच्या मागे शेपटासारखं
लटकलेलं नागरिकशास्त्र,
जे आम्ही सगळेच मार्चमध्ये उरकतो.

आज सात बेटं.
जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे सात तुकडे
टेबलावर मांडले, मध्ये बोटबोट फट.
कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव,
परळ, वरळी, माहीम.
बेट म्हणजे काय?
चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा भाग,
चौतीस तोंडं, एक सूर.
सूर विरला तसा मागून निरंजन लोट:
"बाई, आपली शाळा कुठल्या तुकड्यावर?"

खडू घेऊन शोधायला लागले.
माझगाव नाही. मुंबई नाही.
खडू फटीत टेकला.
"उमरखाडी. नावातच आहे बघा, इथं खाडी होती.
चिखल तुडवत पलीकडून आलेली माणसं
जिथं पाय धूत, ती म्हणे पायधुणी."

कुणी काही बोललं नाही.
हर्षाली भानजीनं हळूच पाय उचलून बाकावर घेतले.
मग तिच्या शेजारणीनं.
मग अख्ख्या वर्गानं.
फरशीवर नुसत्या चपला,
ओहोटीला राहिल्यासारख्या.
माझेही पाय खुर्चीच्या दांडीवर होते,
ते घंटा झाल्यावर लक्षात आलं.

"ही भरली कोणी?" हर्षालीच.
पुस्तकात कंपनी आहे, गव्हर्नर आहे, साल आहे.
"ते नाही बाई. पाटी कोणी उचलली?"
मी पानं उलटली, उगीचच.
पुस्तकाला पाटी एकच माहीत,
जिच्यावर लिहितात ती.

नागरिकशास्त्र त्या वर्षी मार्चपर्यंत थांबलं नाही.
मुलींच्या मुतारीचा नळ दिवाळीपासून कोरडा होता.
प्रति, मा. सहायक आयुक्त, बी विभाग.
महोदय की महोदया, यात अर्धा तास गेला.
गैरहजर सात जणांच्या सह्या दुसऱ्या दिवशी घेतल्या.
पोचपावती नकाशाखाली डकवली, निळा शिक्का तिरका.
मग वाट पाहणे.
मग स्मरणपत्र, त्यात "अद्याप" हा शब्द
मुलांना फार आवडला; डब्यावरही अद्याप, खेळातही अद्याप.

फेब्रुवारीत दोन माणसं आली, पहार घेऊन.
अंगणात कंबरभर खणलं तर काळा गाळ,
वास ओळखीचा, निदान हर्षालीला.
तिनं आत हात घालून दगडासारखं काही काढलं,
"कालव आहे हे. मेलेलं. लई जुनं."
वर्ग खिडक्यांना लोंबकळत भांडत होता:
हा भूगोल निघाला की इतिहास?
"अर्ज आपण केला होता," निरंजन म्हणाला,
आणि भांडण आणखी वाढलं.

नळाला पाणी येतं. करंगळीएवढं, पण येतं.

वार्षिक परीक्षेच्या आराखड्यात
उझैरनं रत्नागिरीला टाकेसुद्धा काढले.
प्रश्न पहिला, अ, रिकाम्या जागा भरा:
मुंबईची बेटे ______ यांनी जोडली.
हर्षालीचं अक्षर रेघेबाहेर गेलं होतं:
नाव माहीत नाही, पाटी जड होती.

उत्तरसूचीत हे नाही, मुख्याध्यापक म्हणाले.
सूची मी परत वाचली. खरंच नाही.
गुण एक, पूर्ण.
गठ्ठा रचला, पंखा जोरात होता,
वर ते कालव ठेवलं.